‘चॅम्पियनशिप कोर्स’ कशाने ठरतो: मैदानाने की क्लबाच्या फाटकाने?

डोंगरपायथा (खारघर)

नमस्कार मंडळी.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर, म्हणजे साठी उलटल्यानंतर, मी गोल्फ शिकलो. सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत जे मैदान केले आहे, तेथे आठवड्यातून एकदा सकाळी जातो, चेंडू हरवतो आणि आनंदाने घरी येतो. एवढीच माझी पात्रता आहे, हे आधीच सांगून टाकतो.

२०२३ च्या जून महिन्यात मुलीकडे न्यू जर्सीला होतो. स्प्रिंगफील्ड गावातील बाल्टसरोल या खासगी क्लबात महिलांची पीजीए चॅम्पियनशिप होती, आणि जावयाने तिकिटे काढली होती. चीनची वीस वर्षांची रुओनिंग यिन शेवटच्या होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी शेवटच्या) बर्डी करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन, एका फटक्याने जिंकली. सामना सुंदर झाला, पण माझे अर्धे लक्ष मैदानाकडे होते. जन्मभर कालवे आणि उतार मोजत आल्यामुळे पाणी कोठून कोठे जाणार हे पाहण्याची खोड सुटत नाही.

क्लब १८९५ चा आहे. ती जमीन पूर्वी बाल्टस रोल नावाच्या शेतकऱ्याची होती. १८३१ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे क्लबाला त्याचेच नाव मिळाले. ज्या जुन्या मैदानावर गोल्फची यूएस ओपन स्पर्धा दोनदा झाली होती, ते नांगरून त्याच्या जागी एक सोडून दोन नवी मैदाने करावीत, असा सल्ला टिलिंगहास्ट या रचनाकाराने दिला आणि क्लबाने तो मानला! १९२२ मध्ये ‘अप्पर’ आणि ‘लोअर’ ही जोडमैदाने सुरू झाली. अप्पर डोंगराच्या उतारालगत आहे, तर लोअर त्यामानाने सपाटीवर. त्यानंतर १९३६ ची यूएस ओपन अप्परवर झाली आणि १९५४, १९६७, १९८० व १९९३ च्या लोअरवर. जॅक निकलॉस यांनी १९६७ व १९८० अशा दोन्ही वेळा तेथे बाजी मारली.

स्पर्धेच्या आठवड्यात माझ्यासारखा माणूस तिकीट काढून आत गेला. एरवी सदस्याचा पाहुणा असल्याखेरीज त्या फाटकातून प्रवेश नाही. परतताना मनात आले की आपल्याकडेही बिल्डरांच्या जाहिरातींत ‘चॅम्पियनशिप गोल्फ कोर्स’ हे शब्द सर्रास दिसतात. हा दर्जा नेमका कशावर ठरतो? आणि तो टिकवायचा तर क्लब खासगी व बंदिस्त असणे खरोखरच आवश्यक असते का? जाणकारांनी लिहावे; नवख्यांनीही लिहावे, कारण मीही नवखाच आहे.

तलावपाळी (ठाणे)

गोल्फच्या मैदानात पाण्याचे अडथळे लागतात असे ऐकतो. ठाण्यात तळी तयारच आहेत. तेवढे मैदान कोणी आणून दिले की आम्ही सुरुवात करू.

बोगीबहाद्दर (वाशी)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. ‘चॅम्पियनशिप कोर्स’ ही पदवी देणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही. ज्याला वाटेल त्याने फलकावर लिहावे. मिठाईच्या दुकानावर ‘सुप्रसिद्ध’ लिहितात तसे.

मोजमाप मात्र असते. प्रत्येक मान्यताप्राप्त मैदानाला ‘कोर्स रेटिंग’ आणि ‘स्लोप’ असे दोन आकडे दिलेले असतात. निष्णात, म्हणजे शून्य हँडिकॅपचा (सवलतीचा एकही फटका न लागणारा) खेळाडू तेथे साधारण किती फटके घेईल, हे रेटिंग सांगते. त्याच्या तुलनेत सामान्य खेळाडूची तेथे किती जास्त दमछाक होईल, हे स्लोप सांगतो. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो.

पण नुसते अवघड असणे म्हणजे दर्जा नव्हे. शेतात खड्डे खणूनही अवघड मैदान तयार होईल. चांगल्या मैदानावर चांगल्या फटक्याला फळ मिळते आणि वाईट फटक्याला त्याच्या वाईटपणाच्या प्रमाणात शिक्षा होते. २०१६ च्या पीजीए चॅम्पियनशिपसाठी बाल्टसरोलचे लोअर मैदान ७,४२८ यार्ड लांब ठेवले होते, म्हणजे पावणेसात किलोमीटरहून थोडे अधिक, आणि तेही पार ७०, म्हणजे ठरलेले फटके सत्तरच. सतरावा होल तर सुमारे सहाशे मीटरचा आहे. १९९३ मध्ये जॉन डेली यांनी त्याचे ग्रीन, म्हणजे शेवटच्या खळीभोवतीची आखूड हिरवळ, दोन फटक्यांत गाठले; तोपर्यंत ते कोणालाच जमले नव्हते.

तेथील चौथ्या होलची कथा तर प्रत्येक गोल्फरला पाठ असावी. १९५४ च्या स्पर्धेआधी रॉबर्ट ट्रेंट जोन्स या रचनाकाराने तो पाण्यावरून मारायचा होल नव्याने बांधला. सदस्यांनी कुरकुर केली की हा फारच कठीण झाला. जोन्स त्यांना घेऊन तेथे गेले, त्यांनी स्वतः टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, चेंडू मारला आणि तो थेट खळीत गेला. होल अगदी न्याय्य आहे, एवढेच बोलून त्यांनी विषय संपवला. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असा निकाल कधी लागेल, याची मी वाट पाहत आहे.

येऊरकर (ठाणे)

सगळ्यांनी कौतुकाचा सूर लावला आहे, म्हणून विरोधी बाजू मांडतो.

डोंगरपायथा, तुम्ही क्लबाची जन्मकथा सांगितलीत, संस्थापकाची राहिली. बाल्टसरोल स्थापन करणारे लुई केलर हे ‘सोशल रजिस्टर’चे प्रकाशक होते. उच्चभ्रू घराण्यांची ती यादी होती: कोण आपल्यातला आणि कोण नाही, हे छापून सांगणारी. अशा क्लबांची प्रतिष्ठा गवतात नसून त्या यादीत असते, असे माझे मत आहे.

ऑगस्टा नॅशनलचे उदाहरण घ्या. मास्टर्स स्पर्धा तेथे १९३४ पासून होते आणि मैदानाच्या सौंदर्याबद्दल जग बोलते. पण त्या क्लबाने पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये घेतला आणि पहिल्या दोन महिला सदस्य २०१२ मध्ये. स्कॉटलंडमधील म्युरफील्ड हे मैदान ज्या क्लबाचे आहे, त्याचा इतिहास १७४४ पर्यंत मागे जातो. महिलांना सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये तेथे आवश्यक बहुमताअभावी पडला. ब्रिटनमधील ‘ओपन’ स्पर्धा यापुढे तेथे होणार नाही असे आयोजकांनी स्पष्ट करताच, २०१७ मध्ये तोच प्रस्ताव मंजूर झाला. पावणेतीनशे वर्षांत जे सुचले नाही, ते वर्षभरात सुचले.

बंद फाटक हा या खेळाचा अपघात नसून त्याचा मूळ हेतूच आहे, असे वाटण्यास बरीच जागा आहे.

डोंगरपायथा (खारघर)

येऊरकर, केलर यांची माहिती मला होती; ती लिहायची टाळली, हे कबूल करतो. पाहुणचार घेऊन आल्यावर यजमानांचे दोष सांगणे जड जाते, मग तो पाहुणचार तिकीट काढून घेतलेला का असेना.

तरीही ‘मूळ हेतू’ हे मला पटत नाही. गोल्फचे माहेर म्हणजे सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स, आणि ते सार्वजनिक आहे. रविवारी एरवी तेथे खेळ बंद असतो आणि गावकरी त्या मैदानावर कुत्री फिरवतात. ज्या मैदानाचे सगळ्या जगाने अनुकरण केले, त्याच्यावरून गावाची वहिवाट कधी गेली नाही.

सूनबाई_वाशी

फाटकाचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. क्लबाचे नाव घेणार नाही. सासऱ्यांनी ते घरात उच्चारायलाही मनाई केली होती.

माझे सासरे आयुष्यभर धोतर, सदरा आणि काळी टोपी याच वेशात वावरले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोठ्या प्रेमाने त्यांना गोल्फ पाहायला आणि नंतर जेवायला एका क्लबात नेले. बाहेरच्या हिरवळीवर कोणी हरकत घेतली नाही. जेवणाच्या दालनाशी मात्र व्यवस्थापकाने नम्रपणे सांगितले की पायघोळ विजार आणि बूट असल्याखेरीज आत जाता येणार नाही. विद्यार्थी संतापला. सासरे शांतपणे म्हणाले, “अरे, नियम त्यांचा आहे आणि भूक माझी आहे, आपण चेंबूर स्टेशनजवळ मिसळ खाऊ.” दोघांनी मिसळ खाल्ली. विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी सदस्यत्व सोडले.

२०१४ मध्ये चेन्नईतील एका क्लबाने वेष्टी नेसलेल्या न्यायाधीशांना अडवल्यावर तमिळनाडूच्या विधानसभेने त्याविरुद्ध कायदाच केला. ती बातमी मी सासऱ्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी फक्त विचारले, “आणि त्या न्यायाधीशांना नंतर जेवायला मिळाले का?”

तलावपाळी (ठाणे)

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांचे हँडिकॅप शून्य होते.

रानपाखरू (सीवूड्स)

वेशभूषेपेक्षा मोठा प्रश्न जमिनीचा आहे आणि नवी मुंबईत तो विसरून चालणार नाही. अठरा होलांच्या मैदानाला साधारण पन्नास ते साठ हेक्टर जागा सहज लागते. सीवूड्सच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि त्यासोबत निवासी संकुल करण्याचा बेत होता. रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेताविरुद्ध निकाल दिला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

दर हिवाळ्यात मी तेथे रोहित पक्षी पाहायला जाते. भरतीच्या वेळी खाडीतील चिखल बुडाला की ते या तळ्यांवर विसाव्याला येतात. नकाशावर अशा जागेची नोंद ‘मोकळी जमीन’ अशी करणाऱ्याने भरतीच्या वेळी एकदा तेथे येऊन उभे राहावे.

खारघरच्या मैदानाबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘आपल्याकडेही चॅम्पियनशिप कोर्स हवा’ असे कोणी म्हटले की मी पहिल्यांदा विचारते: कोणाच्या जागेवर?

बोगीबहाद्दर (वाशी)

रानपाखरू, या मुद्द्यावर मी गोल्फर असूनही तुमच्याच बाजूने आहे. बाल्टसरोलची कथाही तुमच्या बाजूची साक्ष देते: नवी मैदाने करताना त्यांनी आपलेच जुने मैदान नांगरले.

हरळी (पनवेल)

माझे नाव पाहून हसू नका. या धाग्यावर ते आज पहिल्यांदा सार्थकी लागणार आहे.

आमची पनवेलजवळ थोडी भातशेती आहे. बांधावरची हरळी काढताना माझ्या आजोबांची आणि वडिलांची कंबर मोडली. आता माझी पाळी आहे. एक कांडे जमिनीत राहिले तरी पुढच्या पावसात सगळे शेत व्यापते. मागे एका गोल्फ मैदानाच्या देखभालीचे काम करणाऱ्या मित्राकडे गेलो. त्याने अभिमानाने हिरवागार फेअरवे, म्हणजे खेळाचा मुख्य पट्टा, दाखवला आणि म्हणाला, “हे बर्म्युडा ग्रास आहे.” मी वाकून पाहिले, एक कांडे उपटले आणि त्याला सांगितले, “गड्या, ही आमची हरळी आहे.”

तो मानेना. मग आम्ही शास्त्रीय नाव पाहिले: सायनोडॉन डॅक्टिलॉन. तेच. शेतात ती हरळी, गणपतीच्या मस्तकावर ती दूर्वा आणि क्लबात ती बर्म्युडा! ग्रीनवर बहुधा तिचे आफ्रिकेतील एका भावंडाशी केलेले बारीक पात्यांचे संकरित वाण लावतात, कारण ते जेमतेम तीन मिलिमीटरपर्यंत कापले तरी तगून राहते. उष्ण, भरपूर उन्हाच्या प्रदेशात या कुळाला तोड नाही. ज्या गुणामुळे शेतकरी तिला शिव्या देतो, तोच तिचा चिवटपणा मैदानवाल्याला हवा असतो: तुडवले, कापले, चेंडूने खरवडले, तरी पंधरा दिवसांत पुन्हा हिरवे.

मित्राने विचारले, हिची निगा कशी राखावी. म्हटले, आमच्या तीन पिढ्या हिला मारायला निघाल्या होत्या; सल्ला चुकीच्या माणसाला विचारतो आहेस.

येऊरकर (ठाणे)

हरळी यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. क्लबाच्या सगळ्या प्रतिष्ठेखाली अखेर आमच्या बांधावरचे तण निघाले, याचा मला झालेला आनंद सभ्य शब्दांत मांडता येत नाही.

लूपर

मी या संस्थळावर फक्त वाचतो. लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे. कॅडीला, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्याला, बोलीत ‘लूपर’ म्हणतात, म्हणून हे नाव.

१९८० च्या दशकात शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी मी एका मैदानावर कॅडीचे काम करीत असे. पिशवी खांद्यावर घेऊन चार-साडेचार तास चालायचे. साहेब लोक यार्डात बोलत. आम्ही अंतर पावलांनी मोजून पाठ केलेले असे. कोणत्या ग्रीनवर चेंडू कोणत्या बाजूला वळतो, पावसानंतर कोठे चेंडू रुतून बसतो, हे सदस्यांपेक्षा आम्हाला अधिक ठाऊक होते. सदस्य एका मैदानावर महिन्यातून चार वेळा चालतो, कॅडी महिन्यातून चाळीस वेळा. सोमवारी मैदान सदस्यांसाठी बंद असे आणि त्या दिवशी सकाळी आम्हाला खेळू देत. तुटक्या दांड्यांचे, वेगवेगळ्या संचांतले तीन-चार क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) आम्ही दहा जण मिळून वापरत असू. नियमाप्रमाणे एका खेळाडूला चौदा क्लब बाळगता येतात, हे मला फार उशिरा कळले.

येऊरकर, तुमचे म्हणणे मला पटते, कारण मी फाटकाच्या आत असूनही बाहेरचाच होतो. सदस्यांच्या पाण्याच्या माठाला हात लावल्याबद्दल एकदा माझी दिवसाची मजुरी कापली गेली होती. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे, ब्रिटनबाहेरील सर्वांत जुना. तेथील मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, त्याच गवतावर लहानाचा मोठा झाला. त्याने २००८ मध्ये दिल्लीत युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली आणि पुढे २०१६ व २०१७ असे लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकले. त्याआधी १९९१ मध्ये दिल्लीच्या अली शेरने इंडियन ओपन जिंकले. ते जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक, आणि तोही कॅडींमधूनच वर आला होता.

मैदान चांगले असेल तर ते कोणालाही शिकवते. फाटक बंद असले तरी मैदानाला ते माहीत नसते.

डोंगरपायथा (खारघर)

लूपरसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कृपया वाचनमात्र राहू नका.

जर्सीतला_डोंबिवलीकर

धागा उशिरा पाहिला, पण मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या घरापासून दोन तासांवर आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेज नावाचे सरकारी उद्यान आहे. त्यात पाच गोल्फ मैदाने आहेत आणि त्यांना रंगांची नावे आहेत. त्यांतले ‘ब्लॅक’ हे १९३६ चे. त्याच्या रचनेचे श्रेय कोणाला दिले जाते? बाल्टसरोलच्याच टिलिंगहास्ट यांना, जरी त्यात उद्यानाच्या अधीक्षकांचा वाटा किती यावर वाद आहे. मालक राज्य सरकार, सदस्यत्व नाही, फी भरणारा कोणीही खेळू शकतो, आणि राज्यातील रहिवाशांना दर कमी. या मैदानावर २००२ व २००९ ची यूएस ओपन, २०१९ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि २०२५ चा रायडर कप (अमेरिका विरुद्ध युरोप सामना) झाला. २००२ मध्ये टायगर वुड्स जिंकले, तेव्हा यूएस ओपन प्रथमच पूर्णपणे सरकारी मालकीच्या मैदानावर झाली होती.

पहिल्या टीजवळ फलक आहे, त्याचा आशय असा: हे मैदान अत्यंत अवघड असून फक्त निष्णात खेळाडूंनीच येथे खेळावे. मी निष्णात नसूनही गेलो होतो. ऐन वेळी जागा मिळावी म्हणून लोक रात्री वाहनतळावर गाडीतच झोपतात, मीही झोपलो. बायकोने डब्यात थालीपीठ दिले होते, ते पहाटे तीन वाजता शेजारच्या गाडीतील अनोळखी सुताराबरोबर वाटून खाल्ले. त्या मैदानावर गोल्फ कार्ट चालत नाहीत, सगळ्यांनी पायीच जायचे. मला ११९ फटके लागले आणि सुताराला ८४.

तेव्हा डोंगरपायथा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. एकाच माणसाच्या नावावरची दोन मैदाने, एक बंद आणि एक खुले, आणि यूएस ओपन दोन्हीकडे झाली.

येऊरकर (ठाणे)

हे उदाहरण माझ्या मताला धक्का देणारे आहे, हे मान्य करतो. तरी एक शंका उरते. २००२ च्या आधी ते मैदान हलाखीत होते आणि यूएस ओपनच्या आयोजकांनी पैसे घालून ते सुधारले, असे वाचले आहे. म्हणजे सरकारी मैदानालाही शेवटी कोणीतरी सावकार लागलाच.

जर्सीतला_डोंबिवलीकर

बरोबर आहे. पण सावकाराने पैसे दिले आणि फाटक उघडेच राहिले. मला त्या रात्री गाडीत झोपता आले, हा माझा पुरावा.

डोंगरपायथा (खारघर)

चर्चा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली. आता माझ्या विषयावर, म्हणजे पाण्यावर येतो.

बाल्टसरोलमध्ये मला सर्वांत अधिक आवडले ते न दिसणारे काम. उत्तम ग्रीन म्हणजे वर हिरवळ असलेला एक गाळणीचा खड्डाच असतो. अमेरिकी गोल्फ संघटनेच्या पद्धतीनुसार तळाशी निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे १०० मिलिमीटर खडी आणि त्यावर सुमारे ३०० मिलिमीटर निवडक वाळूचा थर. पाणी वाळूत हवे तेवढे थांबते आणि जास्त झाले की खडीतून निघून जाते. ही पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली.

आता आपल्याकडे पाहा. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही डोंगरावरून धावत येणारा, आणि नंतर आठ महिने जवळजवळ थेंब नाही. म्हणजे आधी पाणी घालवायचे आणि मग तेच पाणी शोधत फिरायचे. कोकणपट्टीत चॅम्पियनशिप दर्जाचे मैदान हवे असेल तर पैसा संगमरवरी क्लब हाऊसवर न घालता जमिनीखाली घालावा लागेल, आणि पावसाळ्यानंतरचे पाणी पिण्याच्या जलवाहिनीतून न घेता सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळवावे लागेल. जमिनीखालच्या कामाचे उद्घाटन करता येत नाही, ही खरी अडचण आहे. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे काढल्यावर हे मी खात्रीने सांगू शकतो.

बोगीबहाद्दर यांनी मोजमाप सांगितले, लूपर यांनी मैदान कोणाला कळते ते सांगितले आणि जर्सीच्या डोंबिवलीकरांनी फाटकाचा निकाल लावला. रानपाखरू यांचा ‘कोणाच्या जागेवर’ हा प्रश्न मात्र यांपैकी कशानेही सुटत नाही, म्हणून मला नवे मैदान नकोच. आहे ते खारघरचे नीट राखले गेले तरी माझे उरलेले आयुष्य त्याला पुरणार नाही.

येत्या रविवारी सकाळी मी तेथे आहे. लूपरसाहेब, आपण माझ्याबरोबर खेळायला यावे. पिशवी ज्याची त्याने उचलायची.

लूपर

येतो. पण ग्रीनवर चेंडू कोठे वळतो हे विचारू नका. चाळीस वर्षांची सवय आहे, न विचारताच सांगेन.

हरळी (पनवेल)

मीही येईन म्हणतो. गणपती जवळ आले आहेत. फेअरवेवरच्या दूर्वांच्या एकवीस जुड्या काढल्या तर कोणी हरकत घेईल का?

बोगीबहाद्दर (वाशी)

फेअरवेवर गवत इतके आखूड कापतात की तीन पात्यांची दूर्वा तेथे मिळणार नाही. ती रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, शोधावी लागेल. माझे बहुतेक चेंडू तेथेच जात असल्यामुळे मी सोबतीला असेनच.